नायट्रो इंजिन किती टिकतं: आरटीआर, रेसचं, पेट्रोल की सरळ ब्रशलेस?

नायट्रो गाडी, म्हणजे नायट्रो फ्युएलवर पळणारी रिमोटवरची छोटी गाडी, घ्यायची म्हटली की पहिला प्रश्न असतो किती पळते, आणि लगेच दुसरा, इंजिन किती वर्षं टिकतं. पहिल्याचं उत्तर सोपंय. दुसरा प्रश्नच जरा चुकलाय, कारण वर्षांशी या इंजिनाचं काही देणंघेणं नाही, कपाटात ठेवलेलं इंजिन न चालवता पण सडतं आणि दर आठवड्याला पळवलेलं नीट सांभाळलं तर मजेत राहतं. नायट्रोवाले आयुष्य मोजतात ते पोटात किती फ्युएल गेलं त्यावर, लिटरमध्ये किंवा गॅलनमध्ये. एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटर. कोणी म्हणालं ना की माझं इंजिन पाच गॅलनचं झालंय, तर समजायचं की एकोणीसेक लिटर फ्युएल त्यातून जळून गेलंय.

आता हे लिटर म्हणजे खेळायचा वेळ किती, ते एकदा काढूनच ठेवा कारण पुढची सगळी तुलना त्यावर उभी आहे. १/८ बगीची (खऱ्या गाडीच्या आठव्या हिश्श्याच्या मापाची मातीत पळणारी गाडी) टाकी १२५ सीसीची, रेसमध्ये ती आठ ते दहा मिनिटांत संपते. म्हणजे एका लिटरमध्ये आठ टाक्या, सव्वा तास धरा. वीस लिटर म्हणजे १६० टाक्या, तासांत चोवीस-पंचवीस. ऐकायला फारच कमी वाटतं, सलग चालवलं तर एक दिवस आणि एक रात्र आणि खेळ खल्लास! पण सलग कोणी चालवत नाही, रविवारी जाऊन चार टाक्या उडवल्या तर तेच चाळीस रविवार होतात, म्हणजे वर्ष जवळजवळ निघालं. साधं आरटीआर (रेडी-टू-रन, तयार गाडीसोबतचं) इंजिन एका वर्षात संपलं म्हणून रडणारे लोक मी बघितलेत, हिशोब करायला लावला की गप्प होतात.

आणि त्या चोवीस तासांत ते बिचारं करतं काय ते पण बघा. पूर्ण थ्रॉटलला हे इंजिन मिनिटाला ३०,००० च्या वर फिरतं. सरासरी २५,००० धरली तरी तासाला १५ लाख फेऱ्या, चोवीस तासांत साडेतीन कोटींच्या वर. आपली रस्त्यावरची खरी कार २५०० वर चालते, तिला एवढ्या फेऱ्या मारायला २४० तास लागतील. त्यात नायट्रो टू-स्ट्रोक, प्रत्येक फेरीला आत स्फोट, कारच्या फोर-स्ट्रोकमध्ये एका सिलिंडरला दोन फेऱ्यांत एकदा. वर ना ऑइलचा पंप ना वेगळं ऑइल, जे काय वंगण मिळतं ते फ्युएलमध्येच मिसळलेलं. तेव्हा लवकर मरतं म्हणून नावं ठेवायच्या आधी एवढं लक्षात असू द्या.

मरतं म्हणजे नक्की काय होतं

हे समजल्याशिवाय स्वस्त आणि महाग इंजिनातला फरक कळणारच नाही, म्हणून जरा थांबतो इथे. नायट्रो गाड्यांच्या बहुतेक इंजिनांत पिस्टनला रिंग नसते. पिस्टन अॅल्युमिनियमचा, स्लीव्ह (पिस्टन जिच्यात वर-खाली होतो ती नळी) पितळेची आणि तिला आतून क्रोमचा लेप, याला एबीसी म्हणतात. क्रोमच्या जागी निकेल असेल तर एबीएन, स्लीव्ह पण अॅल्युमिनियमची असेल तर एएसी, पण नावांचा हा घोळ विसरा, लेप कशाचा आहे तेवढंच बघा. ही स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित निमुळती असते. थंड असताना पिस्टन वर गेला की तिथे अडकतो, नवीन इंजिन हाताने फिरवलं तर कट्कन दाटतं, कधीकधी तर अंगठ्याने फ्लायव्हील (क्रँकच्या टोकाचं जड चाक) हलत पण नाही. यालाच पिंच म्हणतात. चालू झाल्यावर गरम होऊन स्लीव्ह पिस्टनपेक्षा जास्त फुगते आणि मग दोघांची जोडी अगदी बरोब्बर बसते. रिंगचं काम ही जोडीच करते.

इंजिन जुनं होतं म्हणजे ही पिंच झिजते. सुरुवातीला कळतच नाही. मग एक दिवस गाडी थंड असताना झक्कास स्टार्ट होते, दोन टाक्या पळते, आणि गरम झाल्यावर बंद पडली की परत चालू व्हायचं नाव घेत नाही. किंवा आयडलला मरते, म्हणून तुम्ही आयडल वाढवता, मग परत मरते, परत वाढवता. गरम असताना कंप्रेशनच उरलेलं नसतं ना. नवीन माणूस या अवस्थेत तासन्‌तास नीडल, म्हणजे कार्ब्युरेटरवरचा फ्युएल कमी-जास्त करणारा स्क्रू, फिरवत बसतो आणि ट्यूनिंगला शिव्या देतो, ट्यूनिंगचा काही दोष नसतो.

हे झालं शांतपणे म्हातारं होऊन मरणं. दुसरा प्रकार अपघाती. कॉनरॉड, म्हणजे पिस्टन आणि क्रँक जोडणारी दांडी, खालच्या बाजूला झिजून लांबट होते आणि एक दिवस पूर्ण वेगात तुटते, आणि ती एकटी जात नाही, पिस्टन, स्लीव्ह, कधी क्रँककेससकट घेऊन जाते. तिसरं बेअरिंग. मागचं बेअरिंग गंजून त्याचा बारीकसा तुकडा सुटला की तो वर जाऊन पिस्टनवर खडे पाडतो, ग्लो प्लगची (ठिणगीऐवजी तापलेल्या तारेने फ्युएल पेटवणारा प्लग) तार पण तोडतो. प्लगमागून प्लग जायला लागले तर प्लगला दोष देऊ नका, आत काय फिरतंय ते खोलून बघा.

छोटं आरटीआर, मोठं आरटीआर, रेसचं

आरटीआर म्हणजे तयार गाडीसोबत आलेलं इंजिन. यात छोटी .१२, .१५, .१८ अशी येतात, घन इंचातला आकडा आहे हा, .१२ म्हणजे २.१ सीसी आणि .१८ म्हणजे साधारण ३ सीसी. मोठी .२१ म्हणजे ३.५ सीसी, आणि मॉन्स्टर ट्रकवाली .२८ म्हणजे ४.६ सीसीपर्यंत.

छोटं आरटीआर बऱ्यापैकी सांभाळलं तर आठ ते पंधरा लिटर जातं. न सांभाळता तीन-चार लिटरमध्ये गेलेली ढिगाने बघितलीयत. मोठं आरटीआर त्याच माणसाच्या हातात पंधरा ते वीस-पंचवीस लिटर, कारण गाडी ओढायला त्याला जीव काढावा लागत नाही. छोट्या इंजिनावर जड गाडी आणि उंच गवत ही जोडी म्हणजे इंजिनाला फाशी, कायम पूर्ण थ्रॉटल, क्लच घसरतोय, डोकं तापतंय. चपट्या गुळगुळीत ट्रॅकवर हलकी गाडी ओढणारं तेच .१२ बघा, वेगळंच इंजिन वाटेल.

रेसचं .२१ मात्र वेगळ्या जातीचं. लेप चांगला, पिस्टनचा धातू चांगला, क्रँक घासूनपुसून तोललेला, बेअरिंग उत्तम, काहींत मागचं सिरॅमिक, म्हणजे त्याच्या गोळ्या गंजत नाहीत. हे तीस-चाळीस लिटरपर्यंत नेणारे लोक आहेत. पण त्यात एक मेख आहे जी विकणारा सांगत नाही, की मधेमधे कॉनरॉड बदलावा लागतो आणि बहुतेकदा बेअरिंगही. रेसवाले दहा-पंधरा लिटरला डोळे झाकून रॉड बदलतात, तुटायची वाट बघत नाहीत. म्हणजे त्या मोठ्या आकड्यात ही सर्व्हिस धरलेली असते. आरटीआरच्या आकड्यात ती नसते कारण आरटीआरवर कोणी एवढा खर्च करत नाही.

आता माझं प्रामाणिक मत. पहिलं इंजिन रेसचं घेऊ नका. पहिलं इंजिन मारायचंच असतं. ट्यूनिंग हे वाचून येत नाही, कानाने येतं, आणि कान तयार होईपर्यंत तुम्ही किमान एकदा तरी ते कमी फ्युएलवर, म्हणजे लीन, चालवणार, एकदा फिल्टर सैल राहणार, एकदा पाणी जाणार. माझं पहिलं तर पाचव्या लिटरला गेलं, फिल्टर आणि कार्बच्या मधली रबरी नळी एका बाजूला चिरली होती, बाहेरून दिसत नव्हती, आणि मी आपला कोरड्या मातीत उड्या मारतोय. खोललं तर पिस्टनच्या स्कर्टवर उभ्या रेघोट्या, सॅंडपेपर मारल्यासारख्या. स्वस्तातलं होतं म्हणून झोप लागली त्या रात्री.

तेच इंजिन, दोन मालक

खरं सांगू का, मॉडेलपेक्षा मालकाचा फरक मोठा. एकाच खोक्यातून निघालेली दोन इंजिनं, एक चार लिटरला मेलं आणि दुसरं अठराला पण पळतंय, असं सर्रास होतं. आणि यात पहिला नंबर धुळीचा, दुसरा लीन चालवण्याचा, बाकी सगळं नंतर.

फोमचा फिल्टर असतो तो कोरडा चालत नाही, त्याला फिल्टर ऑइल लावून, पिळून, सगळीकडे सारखं पसरवून बसवायचा. दोन थरांचा असला तर उत्तम. धुळीत खेळलात तर प्रत्येक वेळी धुवायचा, जास्तीचे दोन-तीन ऑइल लावून पिशवीत तयार ठेवले की आळस होत नाही. एवढं करणारा आणि न करणारा यांच्यात निम्म्याहून जास्त आयुष्याचा फरक पडतो असं माझं म्हणणं आहे, कोणी वाद घालणार असेल तर त्याचा फिल्टर आधी बघेन.

लीन म्हणजे हवा जास्त फ्युएल कमी. गाडी भन्नाट पळते लीन केल्यावर, हाच तर घोळ आहे! पण फ्युएल कमी म्हणजे त्यातलं ऑइल पण कमी, म्हणजे गरमी जास्त आणि वंगण कमी एकाच वेळी. म्हणून थोडं रिच, म्हणजे फ्युएल जरा जास्त, ठेवायचं, पूर्ण थ्रॉटलला मागे निळसर धुराची रेघ दिसलीच पाहिजे. तापमान ग्लो प्लगच्या बुडाशी मोजलं तर १०० ते १२५ अंश सेल्सियसच्या मधे बहुतेक इंजिनं खुश असतात. तापमापी गन नसेल तर हेडवर पाण्याचा थेंब टाकायचा, तीन-चार सेकंद उकळून उडाला तर ठीक, पडताक्षणी चर्र करून गायब झाला तर लगेच गाडी थांबवा. पण नुसत्या आकड्याच्या मागे पण लागू नका, थंडीत १०० ला पण लीन असू शकतं आणि उन्हात १२५ ला पण मिश्रण बरोबर असू शकतं, धूर आणि आवाज आधी, आकडा नंतर.

उलट टोक पण आहे. काही जण घाबरून इतकं रिच ठेवतात की इंजिन कधी ऐंशीच्या वर जातच नाही. मग स्लीव्ह फुगत नाही, पिस्टन प्रत्येक फेरीला त्या निमुळत्या टोकावर आपटून घासतो आणि कॉनरॉडवर ताण येतो. जपून जपून मारणं म्हणतात ते हेच.

अजून एक सवय, गाडी स्टँडवर ठेवून किंवा हातात उचलून चाकं हवेत असताना थ्रॉटल पिळायचा, आवाज ऐकवायला. लोड नसताना इंजिन बेफाम वर जातं आणि कॉनरॉडचं आयुष्य तिथल्या तिथे कमी होतं. मित्रांना आवाज ऐकवायचाच असेल तर गाडी समोरून पळवा.

हवेची गळती पण बघत जा. कार्बच्या बुडाशी, मागच्या प्लेटला किंवा फ्युएलच्या नळीला बारीक फट असेल तर इंजिन स्वतःच लीन होत राहतं, तुम्ही नीडल कितीही उघडा. आयडलला आज एक उद्या एक असं वागत असेल तर पहिला संशय याच्यावर.

फ्युएल: जास्त नायट्रो की जास्त ऑइल

फ्युएलच्या डब्यावर नायट्रोची टक्केवारी मोठ्ठी छापतात आणि ऑइलची बारीक, आयुष्यासाठी दुसरी महत्त्वाची. मिश्रणात मुख्य मिथेनॉल, मग नायट्रोमिथेन, मग ऑइल. रेसवाले २५-३० टक्के नायट्रो आणि ८ ते १२ टक्के ऑइलवर चालवतात, त्यांना ताकद आणि मायलेज पाहिजे, ट्यूनिंगवर पकड आहे आणि इंजिन बदलायची तयारी आहे. मोकळ्या मैदानात मजा म्हणून चालवणाऱ्याने २० टक्के नायट्रो आणि १२ टक्क्यांच्या वर ऑइल घ्यावं, त्यात थोडं तरी कॅस्टर असलेलं. नुसतं सिंथेटिक स्वच्छ जळतं पण एकदा लीन झालं की आधी हार मानतं, कॅस्टर जास्त गरमीत पण चिकटून राहतं, फक्त पिस्टनवर तपकिरी थर जमतो. वेग किंचित कमी मिळेल, मैदानात कोण स्टॉपवॉच लावतंय.

एका इंजिनावर २० वरून ३० वर जायचं असेल तर नुसता डबा बदलून चालत नाही, कंप्रेशन उतरवायला हेडखाली एखादी ०.१ मिलिमीटरची शिम (पातळ चकती) वाढवायला लागते आणि नीडल परत रिच करून नव्याने लावायला लागते. नाहीतर आत खडखडाट, म्हणजे वेळेआधी पेटणं, आणि त्याने पिस्टनच्या कडा खाल्ल्या जातात.

आणि खेळून झाल्यावर टाकीत फ्युएल ठेवून गाडी टाकून दिली तर वर लिहिलेलं सगळं वाया. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, नायट्रो जळल्यावर आम्ल तयार होतं, आत बसलेलं स्टीलचं बेअरिंग काही आठवड्यांत लाल होतं. टाकी रिकामी, उरलेलं जाळून टाकायचं, प्लग काढून चार थेंब आफ्टर-रन ऑइल (खेळ संपल्यावर घालायचं तेल), फ्लायव्हील फिरवून सगळीकडे पोचवायचं. पाच मिनिटांचं काम. शेवटी पिस्टन खाली आणून ठेवायचा, वर पिंचमध्ये अडकलेला सोडला तर थंड होताना स्लीव्ह त्याला आवळत बसते. फ्लायव्हीलवर मार्करने खूण करून ठेवा, पिस्टन खाली कधी आहे ते लगेच कळतं.

ब्रेक-इन

यावर दोन पंथ आहेत. जुना पंथ म्हणतो चार-पाच टाक्या नुसत्या आयडलवर थंडगार जाळा. नवा पंथ म्हणतो आधी हेअर ड्रायरने हेड गरम करा, थोडं रिच ठेवा, पण इंजिन नव्वदच्या वर राहू द्या, दोन-तीन मिनिटं चालवा, थंड करा, परत. मी नव्या पंथात. थंड आयडलवर नवी कोरी पिंच प्रत्येक फेरीला घासली जाते, जी झिजू नये म्हणून एवढा खटाटोप ती पहिल्याच दिवशी अर्धी घालवायची म्हणजे कमाल झाली. सहा-आठ टाक्यांत, म्हणजे लिटरभरात, काम होतं. आरटीआरला पण हेच करा, स्वस्त आहे म्हणून पहिल्या टाकीपासून पिळू नका.

संपलं की नवं घ्यायचं की जुनंच करायचं

इथे पण दोन्ही शेजारी ठेवून बघा. आरटीआरच्या पिस्टन-स्लीव्हचा सेट नव्या इंजिनाच्या निम्म्या किमतीला किंवा त्याहून वर जातो, त्यात रॉड आणि दोन बेअरिंग धरली की हिशोब नव्याच्याच जवळ पोचतो. तेव्हा आरटीआर संपलं की नवंच, जुनं सुट्या भागांसाठी ठेवायचं, कार्ब, बॅकप्लेट, पुल-स्टार्ट कधी ना कधी लागतातच.

रेसच्या इंजिनाचं उलट. रॉड आणि बेअरिंग वेळेवर बदलले तर नव्याच्या मानाने किरकोळ खर्चात अजून पंधरा लिटर मिळतात. पिंच सैल झाली असेल तर री-पिंच करून देणारे असतात, म्हणजे स्लीव्हचं वरचं टोक बाहेरून दाबून परत किंचित आवळायचं. चालतं, पण एकदा, फार तर दोनदा, आणि फक्त तेव्हाच जेव्हा लेप शाबूत आहे आणि पिस्टनवर रेघोट्या नाहीत. धुळीने खाल्लेल्या इंजिनाला री-पिंच करणं म्हणजे फाटक्या टायरला हवा भरणं. निकेलच्या लेपाचं तर मी करायलाच जात नाही, तो क्रोमपेक्षा मऊ, एकदा सोलायला लागला की संपलं.

पेट्रोलवालं आणि ब्रशलेस

टिकाऊपणाच हवा असेल तर मग नायट्रोच कशाला, हा प्रश्न येणारच आणि यायलाच पाहिजे.

१/५ स्केलच्या मोठ्या गाड्यांत पेट्रोल इंजिन असतं, २३ ते ३० सीसीचं, साध्या पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल पंचवीस-तीसला एक या प्रमाणात टाकून. खरा स्पार्क प्लग, पिस्टनला रिंग, आणि फिरतं नायट्रोच्या निम्म्या वेगाने. फिल्टर नीट ठेवला तर शंभर-दोनशे तास हे काही विशेष नाही, रिंग झिजली तर रिंग बदलायची, सगळा सेट नाही. एकदा कार्ब लावला की महिनोन्‌महिने हात लावायला लागत नाही. तासांच्या हिशोबात नायट्रो याच्या जवळपास पण येत नाही. पण गाडी भली मोठी, जड, पळवायला मैदान मोठं पाहिजे आणि कोणाच्या पायावर गेली तर हाड मोडेल, आणि सुरुवातीचा खर्च बराच जास्त. फ्युएल स्वस्त पडतं हे मात्र खरं, नायट्रोचा डबा संपताना जो जीव तुटतो तो प्रकार नाही.

ब्रशलेस म्हणजे बॅटरीवरची इलेक्ट्रिक मोटर, तिच्यात झिजण्यासारखं काय तर दोन बेअरिंग. मोटर जाळली नाही तर वर्षानुवर्षं चालते, धूळ-पाण्याचं फारसं काही वाटत नाही. तिथे संपते ती बॅटरी, लायपो नीट वापरली तर दीडशे ते तीनशे वेळा चार्ज होईपर्यंत दम धरते. म्हणजे खर्च तिथे पण आहे, फक्त इंजिनाऐवजी बॅटरीवर. वेगात पण ब्रशलेस आता नायट्रोला मागे टाकतं, हे नायट्रोवाल्यांना आवडत नाही पण असंय. आठवड्यातून एकदा अर्धा तास गाडी बाहेर काढून फक्त पळवायचीय, हात तेलकट करायचे नाहीत, शेजारी आवाजाला कावलेत, तर विचार करत बसू नका, ब्रशलेस घ्या.

नायट्रो कोणी घ्यायचं? ज्याला इंजिनातच रस आहे त्याने. धूर, वास, तो किंचाळणारा आवाज, टाकी भरून लगेच परत पळवणं, चार्जिंगची वाट नाही, आणि खोलून परत जोडण्यात जी मजा आहे ती. अशा माणसाने सुरुवातीला .१८ किंवा .२१ ची आरटीआर गाडी घ्यावी, वीस टक्केवाल्या फ्युएलवर, आणि ते इंजिन दहा-बारा लिटर गेलं तर पास झालो म्हणावं. मग त्याच गाडीत रेसचं इंजिन बसवायचं, आता ते तीस लिटर जाईल कारण हात तयार झालेत. रेस करायचीच असं आधीपासून ठरलंय आणि सोबत शिकवणारा कोणी आहे, त्याला ही पहिली पायरी टाळता येईल, बाकीच्यांनी टाळू नये.

मॉन्स्टर ट्रक घेणाऱ्यांना एकच, मोठं ब्लॉक, म्हणजे मोठं इंजिन, घ्या. छोट्या इंजिनाचा ट्रक स्वस्त पडतो म्हणून घेतात आणि मग सतत पिळत राहतात.

सेकंडहँड घेताना

जुनी नायट्रो गाडी स्वस्तात मिळते आणि अनेकांची सुरुवात तिथूनच होते, तेव्हा हे नीट वाचा. ‘दोन-तीन टाक्याच चालवलीय’ हे वाक्य प्रत्येक विकणाऱ्याला पाठ असतं. तुम्ही प्लग लावलेला असताना फ्लायव्हील हाताने हळूच फिरवा. वर जाताना दाटलं पाहिजे. न अडखळता गुळगुळीत फिरलं तर पिंच गेलीय, तो कितीही शपथा घेवो. मग पिस्टन वर दाटलेला असताना फ्लायव्हील किंचित मागेपुढे हलवा, टक-टक ढिलेपणा लागला तर कॉनरॉड झिजलाय. फ्लायव्हील वर-खाली हलतंय का बघा, हललं तर बेअरिंग. त्याच्यामागे सगळं फ्युएलने ओलं चिकट असेल तर पुढचं बेअरिंग गळतंय. प्लग काढून तार बघा, चमकदार असेल तर ठीक, करडी खरखरीत किंवा चेपलेली असेल तर आधीचा मालक लीन चालवत होता किंवा आत काहीतरी सुटं फिरतंय. फिल्टर काढून कार्बच्या तोंडात बोट फिरवा, बोटाला माती लागली तर किंमत विचारू पण नका.

नंतर चालू करायला लावा, एक टाकी पूर्ण पळवायला सांगा, गरम असतानाच बंद करून लगेच परत चालू करायला सांगा. दोन-तीन झटक्यांत झालं तर घ्यायला हरकत नाही. आणि तुम्ही पोचलात तेव्हाच इंजिन गरम असेल, म्हणजे तुमच्यासाठी आधीच चालू करून बघितलंय म्हणाला, तर गडबड करू नका, अर्धा तास गप्पा मारा, पूर्ण थंड होऊ द्या, आणि मग फ्लायव्हीलला हात लावा. गरम इंजिनावर पिंच कळत नाही, हे त्यालाही माहीत असतं.